मिसरातले कांदे

गेल्या वर्षभरात माझ्या मोबाईलवर एकच मजकूर किमान वीस वेळा येऊन पडला. पाठविणारे निरनिराळे : कुणी निवृत्त शिक्षक, कुणी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले, दोघे तर माझे सेमिनरीतील सोबती. सूर मात्र एकच. आम्ही विहिरीत पोहलो, चिंचेवर चढलो, गुरुजींची छडी खाल्ली, दिवेलागणीला गुडघे टेकून जपमाळ म्हटली. आणि ही आजची पोरे पाहा, मान खाली, बोटे काचेवर, ना देवाचे भय ना बापाचे. धर्मग्रामाच्या गटात हा मजकूर पडला की त्याखाली उंचावलेले अंगठे आणि जोडलेले हात यांची रांग लागते. हे सारे मान खाली घालून, काचेवर बोटे फिरवूनच चाललेले असते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

त्या गटात आमच्या युवक मंडळाची मुलेही होती. एकेक करून ती निघून गेली. त्यांपैकी सतरा वर्षांच्या एकाला मी मिस्सानंतर थांबवून कारण विचारले. तो म्हणाला, "फादर, रोज सकाळी उठून आम्ही किती बिघडलो आहोत हेच वाचायचं का?" आणि जाता जाता सहज विचारावे तसे, "ती पोहायची विहीर आमच्याच घरामागे होती म्हणे. आजोबांनी ती कधी दिली?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. हाच मजकूर थोडा फिरवून मीही एकदा प्रवचनात वापरला होता आणि पुढच्या बाकांवरील मंडळींनी समाधानाने माना डोलावल्या होत्या.

प्रश्न मात्र रास्त आहे. वसईतील विहिरी, राहाट, केळीच्या बागा, पानवेलींचे मांडव आणि गावोगावची बावखले या मुलांनी बुजविली नाहीत. तेव्हा ती जन्मलीही नव्हती. हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याबरोबर हजारो माणसे रस्त्यावर आली हे खरे, आणि त्याचा अभिमान आपण जरूर बाळगावा. परंतु दिवसा मोर्चात घोषणा देणारा आणि रात्री दलालाला ओसरीवर बसवून चहा पाजणारा माणूसही आपल्यातलाच होता. सर्वांनी लोभाने जमिनी विकल्या असे मी म्हणत नाही. कुणावर धाक होता, कुणाच्या घरी आजारपण, कुणाला भावाभावांतील वाटणीचा तिढा. पण विकल्या आपण. २०१८ च्या जुलैत वसई दिवसचे दिवस पाण्याखाली राहिली, तेव्हा बुजविलेल्या बावखलांचे आणि अडविलेल्या नाल्यांचे पाणी आपला पत्ता शोधीत घरात शिरले. आता त्याच जागेवरील इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बसून आपण नातवाला म्हणतो, जा, बाहेर जाऊन खेळ. कुठे खेळावे त्याने? वाहनतळात?

भाषेचीही तीच गत. मुले मराठी वाचीत नाहीत, या त्रैमासिकाला हातही लावीत नाहीत, अशी तक्रार वर्गणी भरताना हमखास ऐकू येते. त्यांना इंग्रजी शाळेत घालण्यासाठी देणगीची जुळवाजुळव कोणी केली? शिफारशीच्या चिठ्ठीसाठी माझ्या दारात कोण उभे राहिले? (चिठ्ठ्या मीही दिल्या.) घरात बोली बोलली तर मूल मागे पडेल, असे कोण म्हणाले? आज काही तरुण म्हाताऱ्यांपुढे मोबाईल धरून आपली बोली, लग्नगीते ध्वनिमुद्रित करून ठेवीत आहेत. काचेवर बोटे फिरविणारी ती हीच मुले.

आता त्या सोनेरी बालपणाविषयी. धर्मगुरूच्या कपाटात एक वही असते, ती बहुतेकांनी पाहिलेली नसते : दफनाची नोंदवही. तिची जुनी, पिवळी पाने मी अधूनमधून चाळतो. नाव, बापाचे नाव, गाव आणि वय. वयाच्या रकान्यात तीन दिवस. आठ महिने. दोन वर्षे. पुन्हा अकरा दिवस. एकाच घरातील दोन भावंडे एकाच पावसाळ्यात. मध्येच वीसबावीस वर्षांची एखादी बाई आणि लागलीच तिच्या खाली तिचे बिननावाचे मूल. विहिरीत पोहण्याची मजा सांगणारे हे सांगत नाहीत की त्याच विहिरीवर त्यांची आई पहाटेपासून हंडे ओढीत होती, आणि छडीच्या भयाने शाळा सोडलेला मुलगा आयुष्यभर सहीऐवजी अंगठा उठवीत राहिला. जे वाचले ते आज मजकूर लिहितात. जे गेले त्यांची बाजू त्या वहीत आहे.

आपल्या वडीलधाऱ्यांना तरी आपण कुठे पसंत होतो? द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीतून होऊ लागली तेव्हा लॅटिन गेली, आता भक्ती संपली, असे म्हणणारे वृद्ध घरोघरी होते. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि दहाएक वर्षांत आमच्या आळीत पहिली पेटी आली. रविवारच्या चित्रपटापायी आम्ही पोरे जपमाळेला दांडी मारू लागलो, तेव्हा ही पिढी वाया गेली असा निकाल प्रवचनपीठावरून लागला होता. तीच वाया गेलेली पिढी आज निकाल देत बसली आहे.

गणनेच्या अकराव्या अध्यायात रानातून चाललेले इस्राएल लोक रडू लागतात. त्यांना मिसरातले मासे आठवतात, काकड्या, खरबुजे, कांदे, लसूण आठवतात. विटांचा घाणा आणि मुकादमाचा चाबूक आठवत नाही. मान्ना समोर पडलेला असतो आणि त्यांना त्याचा वीट आलेला असतो.

मोबाईलने काही बिघडत नाही असे मी मुळीच म्हणणार नाही. झोप जाते, अभ्यास जातो, आणि भलत्या ठिकाणी अडकलेले मूल कुणाला सांगू शकत नाही. ते कुणाकडे येईल? वर्षभर ज्यांनी त्याची टिंगल केली त्यांच्याकडे? ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी कार्लो अक्युटिस यास संतपद जाहीर केले. हा मुलगा पंधराव्या वर्षी, २००६ मध्ये वारला. संगणकावर बसून त्याने परमप्रसादाच्या चमत्कारांची माहिती जगापुढे मांडली. मला वाटले, आता तरी सूर बदलेल. दुसऱ्याच दिवशी मजकूर आला : त्या कार्लोकडे पाहा आणि आपली पोरे पाहा! संतही आपल्याला छडी म्हणूनच हवा असतो.

परवा तो मुलगा पुन्हा आला. गावात उरलेल्या एका बावखलातील गाळ उपसण्याची युवक मंडळाची तयारी आहे. फावडी, घमेली जमली आहेत. सातबाऱ्यावर ज्यांचे नाव आहे त्या काकांची परवानगी तेवढी हवी. हे काका गटात रोज सकाळी न चुकता विहिरीचा मजकूर पाठवितात. मी त्यांना दोनदा दूरध्वनी केला. ते विचार करून सांगतो म्हणाले आहेत.