छोट्या बाईसाहेबांची सेकंड शिफ्ट

आमच्या चिंचवड-मोशी-चाकणकडच्या घरांत वार कुठला हे कुणी विचारत नाही. शिफ्ट कुठली चालू आहे, ते विचारतात. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि मग एकामागून एक कारखाने येत हा पाळ्यांचा संसार पार चाकणपर्यंत पोचला. सासूबाईंनी मामंजींचे डबे शिफ्टप्रमाणे भरले, मी ह्यांचे भरते. आता घरात आणखी एक शिफ्टवाली आहे. वय वर्षे सव्वादोन. हिची कायमची सेकंड शिफ्ट. संध्याकाळी सहाला हजर, आणि ओव्हरटाइम मात्र आम्हा दोघींच्या अंगावर!

पहिला कार्यक्रम दिवेलागणीचा. सासूबाई निरांजन लावून हात जोडतात न जोडतात, तोच बाईसाहेब गाल फुगवून ‘फू’ करतात आणि टाळ्या वाजवतात. वाढदिवसांना जाऊन जाऊन ज्योत दिसली की फुंकायची, एवढं शिक्षण पक्कं झालंय. ‘अगं, दिवा शांत झाला गं!’ म्हणत सासूबाई पुन्हा लावतात. तिसऱ्यांदा निरांजन फळीवर चढलं, तर ही खालूनच फुंकर घालत उभी. हल्ली सासूबाईंनी तोड काढली आहे. शुभंकरोति होईपर्यंत तिच्या दोन्ही हातांत घंटा देतात. कान किटतात, पण दिवा राहतो.

मग माझ्या वह्या. मी सकाळी शाळेत अर्धवेळ शिकवते, तपासायच्या वह्या घरी येतात. परवा सातवीच्या वहीत लाल पेन्सिलीचे भलेमोठे गोल उमटले. दुसऱ्या दिवशी एक मुलगा गंभीरपणे विचारतो, ‘मॅडम, ह्या गोलाचे किती मार्क?’

हसण्याचं झालं. पण ह्यांची सेकंड असते त्या आठवड्यात मला हसू जरा कमीच येतं. दुपारी हे निघतात तेव्हा ती झोपलेली. रात्री कंपनीची बस तळेगाव चौकातली गर्दी पार करून येईपर्यंत साडेबारा, तेव्हाही ती झोपलेली. सकाळी तिला जाग येते, तेव्हा ह्यांचे डोळे उघडत नाहीत. चौथ्या दिवशी तर ती बाबांना पाहून आजीच्या पदराआड लपली! आणि संध्याकाळी कोपऱ्यावर बसमधून उतरणाऱ्या प्रत्येक निळ्या शर्टाला मात्र ‘बाबा!’ म्हणून हाक. मी ती गंमत म्हणून सांगितली. हे हसले, आणि मग बराच वेळ चहाचा कप हातात धरून बसले.

शेजारच्या वहिनी म्हणतात, जागं ठेवा की रात्री, मोबाइल द्या हातात. छे! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे ह्या वयाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप हवी. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, आणि दोन वर्षांच्या मुलाला फार तर तासभर, तोही कमी तितका बरा. साडेबारापर्यंत ताटकळत ठेवून बाप भेटवायचा आणि दुसरा दिवस किरकिरीत घालवायचा, हे मला पटत नाही.

बी.ए.ला असताना वाचलेलं एक मात्र उपयोगी पडलं. मॉन्टेसोरीबाईंनी ६ जानेवारी १९०७ ला आपलं पहिलं बालगृह उघडलं ते रोममधल्या सान लोरेंझो ह्या कामगारवस्तीत. आईबाप कामावर, मुलं घरी! तिथे दिसलं की मुलं खेळण्यांपेक्षा खऱ्या कामात जास्त रमतात. आपल्या ताराबाई मोडकांनीही बोर्डी-कोसबाडला महागडी साधनं मागवली नाहीत, भोवताली मिळेल त्यातूनच शिकवलं.

म्हणून संध्याकाळी मी तिला कामाला लावते. स्वयंपाकघराच्या दारात पाट, गॅसपासून लांब. मेथी निवडायला द्यावी, निम्मी पानं जमिनीवर जातात, जाऊ द्यावीत. शेंगदाणे, फुटाणे मात्र हाती देऊ नयेत, घशात अडकतात. कणकेच्या गोळ्याला तेलाचं बोट लावलं की तो हाताला चिकटत नाही. त्या गोळ्याची ती पोळी लाटते. आकार महाराष्ट्राचा नाही, कुठल्याच राज्याचा नाही. ती मी भाजते आणि बाबांच्या ताटात वाटीखाली झाकून ठेवते. झाकण तिनं लावायचं, ‘बाबाची’ म्हणायचं, की लगेच अंथरूण. नऊच्या आत झोप लागते.

साडेबाराला हे येतात, वाटी उचलतात. पोळीचं तोवर खापर झालेलं असतं. आमटीत बुडवून, चावून चावून खातात. मी म्हटलं, राहू द्या, तिला काय कळतंय? तर म्हणाले, ‘सकाळी विचारते ना.’ खरंच विचारते! आता सातला ती सरळ ह्यांच्या उशाशी जाऊन उभी राहते, ‘खाल्ली?’ आणि डोळे न उघडता ह्यांना तोंड उघडून दाखवावं लागतं. एकदा तपासणी झाली की हे झोपायला मोकळे, पण हल्ली पुन्हा झोपत नाहीत. दोघं गॅलरीत बसून जाणाऱ्या बस मोजतात. तिचं मोजणं तीनवर थांबतं.

पुढच्या आठवड्यात नाइट आहे. पोळी डब्यातून चाकणला जाणार. कँटीनमध्ये मित्र काय म्हणतील, ह्याची ह्यांना आत्तापासून काळजी!