डर्बीनंतरची गाळलेली जागा

मूर्तिजापूरच्या मास्तराने घोड्यांच्या रेसवर लिहावं हे काहींना विचित्र वाटेल. आमच्या वऱ्हाडात घोडा दिसतो तो वरातीत, आणि शर्यत म्हटली की शंकरपट. तळेगाव दशासरच्या पटात धावलेल्या बैलजोड्यांची नावं सांगणारी म्हातारी माणसं अजून भेटतात. धावणारं जनावर नावाने लक्षात ठेवणं ही आपल्या मातीतलीच गोष्ट आहे. त्यामुळे मुंबईच्या महालक्ष्मीला गाजलेल्या घोड्यांबद्दल वाचताना मला परकं वाटत नाही.

डर्बी म्हणजे त्या हंगामातली सगळ्यांत मानाची शर्यत. अंतर २४०० मीटर, आणि धावणारे सगळे घोडे चार वर्षांचे. पहिली डर्बी १९४३ साली झाली आणि ती जिंकली प्रिन्सेस ब्यूटीफुल या घोडीने. मालक बडोद्याचे महाराज, जॉकी ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट. म्हणजे मानाच्या यादीतलं पहिलंच नाव एका घोडीचं! पुढे २०१० साली जॅकेलीन या घोडीनेही नरांना मागे टाकून डर्बी मारली.

आणि या सगळ्यांत आदराने घेतलं जाणारं नाव म्हणजे स्क्वाँडरर. रशीद बायरामजींनी तयार केलेला हा घोडा १९७७ची डर्बी जिंकला. एकूण १९ शर्यती धावला, त्यांतल्या १८ जिंकला. १६०० मीटरची गिनीज, २४०० मीटरची डर्बी आणि २८०० मीटरची सेंट लेजर, तिन्ही त्याच्या नावावर. पहिलीला वेग लागतो, शेवटचीला दम लागतो. एकाच घोड्याकडे दोन्ही असणं फार दुर्मीळ. गंमत बघा, स्क्वाँडरर म्हणजे उधळ्या. नाव उधळ्या, पण कमाई एकदाच काय ती हातची गेली!

इथपर्यंतचं सगळं छापील आहे. कुठला घोडा, कुठली शर्यत, कोणता जॉकी, सगळं मिळतं. मला खटकते ती पुढची गाळलेली जागा. डर्बीच्या वेळी घोडा चार वर्षांचा असतो. आणखी काही वर्षं तो धावतो, आणि नीट सांभाळला तर पंचविशीपर्यंत जगतो. म्हणजे आपण ज्याला त्याची कारकीर्द म्हणतो, तो त्याच्या आयुष्याचा लहानसा तुकडा. जिंकलेल्यांपैकी निवडक घोडे स्टड फार्मवर पैदाशीसाठी जातात. पण त्याच शर्यतीत मागे राहिलेल्यांचं पुढे काय झालं, हे विजेत्यांच्या यादीत कसं सापडणार?

काहींचं काय झालं ते मात्र आपल्याला माहीत असायला हवं, कारण त्याचा संबंध थेट आपल्या वावराशी आहे. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाचा रेसच्या घोड्यांचा स्टड फार्म. तिथले निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात, कारण घोड्याच्या रक्तातून औषधी सीरम काढतात. तेच काम आपणच का करू नये, या विचारातून सायरस पूनावालांनी १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट काढली. करोनाच्या काळात जिचं नाव घरोघरी पोचलं ती हीच. तिच्या मुळाशी रेस संपलेले घोडे आहेत.

सापाच्या विषावरचं औषधही असंच तयार होतं. घोड्याला विषाची अगदी थोडी मात्रा टोचतात आणि ती हळूहळू वाढवत नेतात. त्याच्या रक्तात विषाला मारक द्रव्यं तयार होतात. मग रक्त काढून, ती वेगळी करून, शुद्ध करून कुपीत भरतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर एकच औषध. पावसाळ्यात सोयाबीन-कपाशीच्या वावरात कुणाला पान लागलं आणि सरकारी दवाखान्यात वेळेवर सलाईन लागून तो माणूस घरी आला, तर त्याच्या अंगात कुठल्या तरी घोड्याचं देणं असतं. त्या घोड्याचं नाव कुणालाच ठाऊक नसतं. आणि ही सेवा त्याने काही मागून घेतलेली नाही, हेही विसरू नये.

काही जण म्हणतील, मास्तर, रेस हा जुगार, त्याचं कसलं कौतुक? १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ मानला. तरी पैसे लावून घरं बुडाली हेही खरंच, आणि मी कुणाला पैसे लावायला सांगणार नाही. पण तो दोष माणसाचा. घोड्याला तिकिटाचा भाव कुठे कळतो?

महालक्ष्मीच्या जागेवरून किती वाद झाले! १९१४चा करार २०१३ला संपला. २०२४ साली १२० एकर जागा महापालिकेच्या उद्यानासाठी आणि ९१ एकर क्लबकडे असं ठरलं. एकराएकराचा हिशोब झाला. माझं म्हणणं एवढंच, की तसा हिशोब घोड्यांचाही व्हावा. धावलेला प्रत्येक घोडा निवृत्त झाल्यावर कुठे गेला, त्याला कोण सांभाळतं, हे क्लबने दरवर्षी छापावं. बक्षिसाच्या रकमेतला ठरावीक वाटा त्यांच्या चाऱ्यासाठी आधीच बाजूला काढावा. खर्च परवडत नाही असं मालक म्हणतील, पण जो शर्यतीचा खर्च करतो त्याला चाऱ्याचा परवडायला हवा. २०२३च्या निकालानंतर बैलांच्या शर्यतींनाही पक्की परवानगी मिळाली आहे. पटाच्या बैलांनाही हाच नियम लावा.

गाडगेबाबांनी याच मूर्तिजापुरात गोरक्षणाचं काम केलं. थकलेल्या जनावराला दावणीला जागा द्यावी, हे आपल्या गावाला कुणी नव्याने शिकवायला नको. स्क्वाँडररचं नाव राहीलच. पण तो जिंकला तेव्हा त्याच्या मागून धावत आलेल्यांचीही नोंद असावी, असं मला वाटतं. तुम्हांला काय वाटतं ते जरूर लिहा.