काळी पट्टी उघडली म्हणून पोरगा चोर ठरत नाही

मागच्या महिन्यात नवीन पनवेलमधल्या एका गेमिंग कॅफेत काउंटर-स्ट्राइकची छोटी स्पर्धा झाली. पाच-पाच जणांचे संघ, प्रत्येक संघाकडून हजार रुपये फी. आपल्या विचुंब्याच्या पोरांचा संघ सेमीफायनलपर्यंत गेला आणि तिथे बाद झाला. हरून नाही. सामना सुरू व्हायच्या आधी संघातल्या एकाने कीबोर्डवरचं कोपऱ्यातलं बटण दाबलं, स्क्रीनवर काळी पट्टी उघडली आणि त्यात त्याने भराभर सात-आठ ओळी टाइप केल्या. मागे उभ्या असलेल्या कुणीतरी मोबाईलवर शूटिंग केलं आणि ओरडला, "हॅक करतोय!" झालं. संघ बाद, फी परत नाही, आणि संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ आपल्या इथल्या तीन-चार सोसायट्यांच्या ग्रुपवर. खाली शेरे काय होते ते लिहीत नाही, तुमच्यातल्या अनेकांनी वाचलेच असतील. काहींनी लिहिलेही असतील.

पोरगा बारावीत आहे. त्याची आई मला स्टेशनच्या वाटेवर भेटली. म्हणाली, "दादा, तुम्ही पेपरात लिहिता ना, मग एवढंच सांगा, माझ्या पोराने चोरी केली का? केली असेल तर मी बघते त्याच्याकडे."

म्हणून हे लिहितोय. मी गेमर नाही. माझ्या काळी व्हिडिओ गेम म्हणजे पार्लरमधली एक रुपयाची नाणी. पण व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला, ओळी वाचता येतात. पोराला समोर बसवून एकेक ओळ समजून घेतली, मग दुसऱ्या दोन जाणत्या पोरांकडून पडताळून घेतली. चोरी झालेली नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. आता का नाही, ते बघा.

त्या काळ्या पट्टीला कॉन्सोल म्हणतात. ही चोरवाट नाही, खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनेच दिलेली सोय आहे. सेटिंगमध्ये जाऊन 'डेव्हलपर कॉन्सोल चालू करा' याला हो म्हणायचं, मग एस्केपच्या खालचं बटण दाबलं की ती उघडते. मेनूमध्ये ज्या गोष्टी माउसने बदलता येतात त्यातल्या बऱ्याच इथे लिहून बदलता येतात, आणि मेनूत नसलेल्याही काही. ही पद्धत जुनी आहे. १९९६ साली आलेल्या क्वेक या खेळात असाच वरून खाली उतरणारा कॉन्सोल होता. त्या क्वेकच्या इंजिनात फेरफार करून हाफ-लाइफ बनला, आणि हाफ-लाइफवर मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोघांनी १९९९ मध्ये हौसेने काउंटर-स्ट्राइक उभा केला. म्हणजे हा खेळच मुळात दुसऱ्याच्या खेळात हात घालणाऱ्या पोरांनी केलेला. कॉन्सोल त्याच्या रक्तात आहे म्हणा ना.

आता आपल्या पोराने काय टाइप केलं? पहिली ओळ: सेन्सिटिव्हिटी ०.५५. माउस किती सरकवला की खेळातली नजर किती फिरते, त्याचा हा आकडा. त्या कॅफेत खेळाडूंनी स्वतःच्या खात्यावरून खेळायचं नव्हतं, कॅफेचीच खाती होती. त्यामुळे आधीच्या माणसाने ठेवलेले आकडे तसेच होते. सेन्सिटिव्हिटी २.५ आणि माउस १६०० डीपीआयवर. हिशेब केला तर दहा-साडेदहा सेंटिमीटर माउस सरकवला की खेळाडू स्वतःभोवती पूर्ण गोल फिरतो. आपल्या पोराला सवय आहे साधारण ४७ सेंटिमीटरची. घरी त्याचा माउस ८०० वर आणि आकडा १.१. मी विचारलं, मग इथे ०.५५ कुठून आला? तो म्हणाला, "काका, ८०० गुणिले १.१ म्हणजे ८८०. इथे माउस १६०० चा, मग ८८० भागिले १६००." हे त्याने सामन्याआधी, मागे गर्दी उभी असताना, मनातल्या मनात केलं. ज्याच्या गणिताच्या मार्कांबद्दल त्याची आई माझ्याकडे काळजी करत होती, तोच हा मुलगा.

पुढच्या चार ओळी नेमबाजीच्या फुलीच्या. क्रॉसहेअरचा आकार, मधली फट, जाडी, रंग. कुणाला बारीक हिरवा ठिपका आवडतो, कुणाला मोठी पिवळी फुली. मग फ्रेम किती पडतायत ते कोपऱ्यात दाखवणारी एक ओळ, आणि बंदूक स्क्रीनवर किती जागा अडवते ते बदलणारी एक. या शेवटच्या आकड्याला खेळानेच ५४ ते ६८ अशी मर्यादा घातलेली आहे. तुम्ही ९० टाइप केलंत तरी तो ६८ च्या वर जात नाही. शेवटी एक बाइंड, म्हणजे अमुक बटण दाबलं की तमुक ग्रेनेड हातात यावा. संपलं. एवढ्यावर पोरगा हॅकर.

क्रिकेटमध्ये बॅटचं वजन किती असावं याला नियम नाही. तेंडुलकर जड बॅटने खेळायचा, दुसरा कुणी हलकीने खेळतो, मुठीला एक ग्रिप लावा नाहीतर दोन, कुणी विचारत नाही. पण रुंदी १०८ मिलिमीटरच्या वर चालत नाही, आणि १ ऑक्टोबर २०१७ पासून जाडी ६७ आणि कड ४० मिलिमीटर अशी मर्यादा आहे. सामन्याच्या आधी पोरगा बॅटला ग्रिप चढवत बसला आणि कुणी 'चीटिंग, चीटिंग' म्हणून ओरडला तर आपण ओरडणाऱ्याला हसू. किंवा आपल्या भागातल्यांना लगेच समजेल असं सांगतो. बैलगाडा शर्यतीत बैलाची शिंगं रंगवा, झूल घाला, गाडा हलका करून घ्या. पराणी टोचलीत की गुन्हा. रंगाचा डबा हातात दिसला म्हणून कुणी शर्यतीतून काढत नाही.

या खेळात पराणी कुठली, तेही सांगतो. काही कमांड खरोखरच भयंकर आहेत. भिंतीतून चालणं, न मरणं, गोळ्या न संपणं. त्या आहेत, कारण सराव करताना लागतात. पोरं एकटी बसून ग्रेनेड कुठून फेकला तर कुठे पडतो हे तासन् तास घोकतात, तेव्हा अखंड गोळ्या आणि लांबलचक राऊंड लावून ठेवतात. पण या सगळ्या कमांडना एक कुलूप आहे, एसव्ही चीट्स नावाचं. ते सर्व्हरवर असतं, खेळाडूच्या मशीनवर नाही. सर्व्हरने शून्य ठेवलं असेल तर खेळाडूने काहीही टाइप करावं, काहीही होत नाही. आणि त्या दिवशी सर्व्हर कुणाचा होता? कॅफेचा. म्हणजे कुलपाची किल्ली आयोजकांच्या खिशात, आणि चोरीचा आळ दाराबाहेर उभ्या पोरावर! आयोजकांना हे माहीत नसेल तर त्यांनी फी घेऊन स्पर्धा भरवू नयेत. माहीत असेल तर प्रश्न आणखी वाईट आहे.

खरी चोरी कशी होते हे भारतातल्या गेमरना चांगलं ठाऊक आहे, कारण त्या बाबतीत आपली जगात नाचक्की झालेली आहे. ऑक्टोबर २०१८, शांघाय. ऑप्टिक इंडिया हा आपला संघ आशियाच्या मोठ्या स्पर्धेत व्हिएतनामच्या संघाशी खेळत होता. त्यातला एक खेळाडू, खेळातलं नाव फोरसेकन, भर सामन्यात पकडला गेला. आपोआप नेम लावणारा प्रोग्राम त्याच्या मशीनवर चालू होता, आणि अधिकारी तपासायला आले तेव्हा तो घाईघाईने तो बंद करायला बघत होता. प्रोग्रामचं नाव काय, तर वर्ड डॉट एक्सई. जणू काही पोरगा अर्ज टाइप करतोय. संघ तिथल्या तिथे बाद, कंपनीने अख्खा संघच मोडून टाकला, खेळाडूवर पाच वर्षांची बंदी. बाकी चौघांचं करिअर फुकट गेलं ते वेगळंच. मुद्दा असा की चोर काळी पट्टी उघडून दहा जणांसमोर ओळी टाइप करत बसत नाही. तो साध्या नावाची फाइल बनवतो आणि लपवतो.

मधली धूसर जागा आहे, ती नाकारत नाही. अनेक वर्षं पोरं एकाच बटणावर उडी आणि ग्रेनेड फेकणं अशी दोन कामं बांधून ठेवायची, म्हणजे ग्रेनेड दर वेळी त्याच जागी पडतो. ते चालतं की नाही यावर स्पर्धांमध्ये वाद व्हायचे. मग उलट दिशांची दोन बटणं दाबली तर शेवटचंच धरणारे महागडे कीबोर्ड आले. खेळाडू धावता धावता क्षणात थांबून अचूक गोळी मारायला शिकतो, त्यात वर्षं जातात. तेच काम यंत्र करायला लागलं. ऑगस्ट २०२४ मध्ये व्हॉल्व्हने दोन्हींवर एकदम हातोडा घातला. हालचालीची किंवा हल्ल्याची एकाहून जास्त कामं एका बटणाला बांधणं बंद, आणि असा कीबोर्ड वापरल्याचा संशय आला तर सामन्यातून बाहेर. मला हा निर्णय पटतो. आकडा बदलून खेळ आपल्या हाताला बसवून घेणं वेगळं आणि हाताचं काम यंत्राला देणं वेगळं. आपल्या पोराचा बाइंड बघा. एक बटण, एक ग्रेनेड. त्या नियमातही तो बसतो.

कॉन्सोलची खरी गरज कुणाला असते, हेही एकदा बघून घ्या. ज्याच्याकडे लाखाचं मशीन आहे त्याला फारशी नाही, त्याला सगळं आपोआप मिळतं. आपल्या इथल्या पोरांकडे काय आहे? लॅमिंग्टन रोडवरून आणलेले जुने सुटे भाग, कुणाच्या तरी ऑफिसातून निघालेला मॉनिटर. वर उन्हाळ्यात दुपारची वीज जायची ती जाते, तो विषय वेगळा लिहीन. सप्टेंबर २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ आला आणि जुना सीएस-गो त्याच्याखाली गेला, तेव्हा जुन्या मशीनवाल्यांचे हाल झाले. कंपनीने बत्तीस बिटच्या विंडोज, डायरेक्टएक्स ९ आणि अॅपलच्या मशीन एका फटक्यात सोडून दिल्या. जे कसेबसे टिकले ते आकडे खालीवर करून टिकले. हा पोरगा घरी फ्रेमची वरची मर्यादा १२० ला बांधतो, कारण मोकळी सोडली तर मशीन तापतं आणि मधेच धाडकन तीसवर येतं. सलग १२० बरे, असं त्याचं म्हणणं. सगळ्या कमांड त्याने एका फाइलमध्ये लिहून ठेवल्यात, ऑटोएक्झेक नावाच्या. खेळ सुरू झाला की त्या आपोआप लागतात. प्रत्येक ओळीपुढे मराठीत शेरा आहे. 'हे वाढवू नको, स्क्रीन काळी होते.' कॉम्प्युटर क्लासला पैसे भरून पोरं जे शिकायला जातात, त्याची सुरुवात साधारण अशीच असते.

कायद्याचंही बघू, कारण ग्रुपवर एकाने 'हे सगळे गेम सरकारने बंदच केलेत' असं ठोकून दिलं होतं. चूक. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला त्यात पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आहे. रमी-बिमीच्या नादात घरं बुडाली, त्यांच्यासाठी तो हवाच होता. पण त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला वेगळं काढून खेळ म्हणून मान्यता द्यायची तरतूद आहे. डिसेंबर २०२२ पासूनच ई-स्पोर्ट्स केंद्राच्या क्रीडा खात्याकडे दिलेले आहेत. आणि ई-स्पोर्ट्स कशाला म्हणायचं, याच्या व्याख्येत एक अट आहे: सामने आधीच ठरवलेल्या नियमांनी चालले पाहिजेत. आधीच ठरवलेल्या. कुणीतरी मागून ओरडल्यावर ठरवलेल्या नाही.

मी आयोजकांना फोन केला. नियम मागितले. "सर, आपल्याकडे कॉन्सोल अलाऊड नाही, सगळ्यांना माहितीये." कुठे लिहिलंय? "तोंडी सांगतो आम्ही." कुणाला सांगितलं होतं? यावर "बघून सांगतो." कॉन्सोल बंद ठेवायचा पूर्ण अधिकार आयोजकांना आहे, त्यात वाद नाही. त्यांचा सर्व्हर, त्यांची स्पर्धा. पण मग सेटिंगमधून तो बंद करून ठेवायचा, नियमात लिहायचं, फी घ्यायच्या आधी दाखवायचं, आणि खेळाडूला स्वतःचे आकडे लावायला मेनूतून दहा मिनिटं द्यायची. यातलं एकही झालेलं नाही.

तेव्हा तीन गोष्टी मागतोय. विचुंब्याच्या संघाचे हजार रुपये परत करा. ज्या ग्रुपवर व्हिडिओ फिरला, त्याच ग्रुपवर आयोजकांनी दोन ओळी टाकाव्यात की टाइप केलेल्या कमांडमध्ये फसवणूक नव्हती. आणि पनवेल, नवीन पनवेल, सुकापूर, कुठेही यापुढे अशी स्पर्धा भरवणाऱ्याने एक कागद दाराला चिकटवावा. कॉन्सोल चालेल की नाही, कुठले बाइंड चालतील, स्वतःचा माउस-कीबोर्ड आणता येईल का, संशय आला तर मशीन कोण तपासणार आणि खेळाडूला बोलायची संधी कधी मिळणार. अर्धं पान पुरेल. लिहायला कुणी नसेल तर त्या पोराला बोलवा, त्याचं अक्षर चांगलं आहे.