वादळाचं नाव नको, पावसाचा हिशेब हवा

समुद्रात कुठेही कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, की बीड जिल्ह्यात एकच प्रश्न फिरू लागतो : याचं चक्रीवादळ होणार का? मोंढ्यात, पारावर, कृषी सेवा केंद्रात तीच चर्चा. मोबाइलवर रंगीत भोवऱ्यांचे नकाशे येतात. कुणी दहा दिवसांनंतरची तारीख छातीठोकपणे सांगतो, कुणी येऊ घातलेल्या वादळाचं नावही जाहीर करून टाकतो. समुद्रापासून सुमारे तीनशे किलोमीटर आत असलेल्या या जिल्ह्यासाठी हा प्रश्न मुळातच चुकीचा आहे. त्यावर लढवलेले तर्क शेतकऱ्याचं लक्ष खऱ्या धोक्यावरून उडवतात.

या म्हणण्याला विरोध होईल, आणि विरोधकांची बाजू दुबळी नाही. त्यांचा पहिला मुद्दा असा की, नावाशिवाय माणूस हलत नाही. ‘कमी दाबाचं क्षेत्र’ म्हटलं तर कुणी ताडपत्रीही काढत नाही. ‘चक्रीवादळ’ म्हटलं की गाव जागं होतं. दुसरा मुद्दा असा की, आधीच बोंब मारली आणि वादळ आलं नाही तर बिघडलं काय? गाफील राहण्यापेक्षा सावध राहिलेलं बरं. तिसरा मुद्दा हवामान खात्याबद्दलचा. खातं ‘शक्यता आहे’ म्हणून मोकळं होतं, शेतकऱ्याला ठोस उत्तर हवं असतं आणि ते देणारा माणूस त्याला जवळचा वाटतो.

पहिल्या मुद्द्याचं उत्तर सप्टेंबर २०२१ मध्ये मिळालं. ‘गुलाब’ चक्रीवादळ २६ सप्टेंबरच्या संध्याकाळी आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आदळलं. तिथून बीड आठशेहून अधिक किलोमीटर दूर. जमिनीवर आल्यावर वादळाचा जोर ओसरत गेला, तेलंगणात पोचेपर्यंत त्याची गणना चक्रीवादळात होईनाशी झाली आणि मराठवाडा-विदर्भाच्या बाजूला सरकताना ते निव्वळ कमी दाबाचं क्षेत्र उरलं. ‘चक्रीवादळ होणार का’ एवढंच पाहणाऱ्यासाठी विषय इथे संपला होता. मराठवाड्यासाठी तो इथूनच सुरू झाला. २७ आणि २८ सप्टेंबरला पावसाने झोडपून काढलं. धनेगावच्या मांजरा धरणाचे सगळे १८ दरवाजे उघडावे लागले, माजलगाव धरणातूनही पाणी सोडावं लागलं. नदीकाठची गावं वेढली गेली, माणसं दगावली, जनावरं वाहून गेली, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं. पुढे हीच प्रणाली अरबी समुद्रात उतरली, तिथे तिने पुन्हा जोर धरला आणि ‘शाहीन’ हे नवं नाव घेऊन ३ ऑक्टोबरला ओमानच्या किनाऱ्यावर गेली. एका नावाचं वादळ पूर्वेला, दुसऱ्या नावाचं पश्चिमेला. या दोन नावांच्या मधल्या बिननावाच्या टप्प्यात बीड बुडालं.

यामागे साधं शास्त्र आहे. भारतीय हवामान विभाग या प्रणालींची वर्गवारी वाऱ्याच्या वेगावरून करतो. सतत वाहणारा वारा ताशी साधारण ६२ किलोमीटरच्या पुढे गेला की चक्रीवादळ म्हणायचं आणि यादीतलं पुढचं नाव द्यायचं. त्याखाली तीव्र कमी दाब, आणखी खाली कमी दाब. पाऊस किती पडणार हे या पायऱ्यांवरून कळत नाही. तो ठरतो हवेतल्या बाष्पावर, प्रणाली किती सावकाश सरकते यावर आणि आपलं गाव तिच्या कोणत्या बाजूला येतं यावर. पावसाळ्यात पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रात सर्वांत जोराचा पाऊस बहुधा त्याच्या नैर्ऋत्य भागात होतो. त्यामुळे केंद्र विदर्भावर दाखवणारा नकाशा पाहून मराठवाड्याने निर्धास्त राहणं धोक्याचं असतं.

शिवाय ऐन पावसाळ्यात चक्रीवादळं फारशी होतही नाहीत. खाली पश्चिमेचे वारे, वर पूर्वेचे जोरदार वारे, अशा उलटसुलट ओढीत वादळाचा उभा डोलारा टिकत नाही. आणि बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात जन्मलेलं क्षेत्र बळ धरण्याआधीच किनाऱ्याला लागतं. म्हणजे जून ते सप्टेंबर या काळात बीडला झोडपणारा पाऊस बहुतेक वेळा बिननावाचाच असणार. नाव ऐकल्यावरच हलायचं ठरवलं, तर खरीप हंगामात हलायची वेळ जवळपास येणारच नाही.

२०२५ साली याचा कडवट पुरावा मिळाला. सप्टेंबरमध्ये भारताच्या दोन्ही बाजूंच्या समुद्रांत एकाही प्रणालीला चक्रीवादळाचं नाव मिळालं नाही, तरी त्याच महिन्यात मराठवाड्याने भीषण पूर पाहिले. सिंदफणा आणि मांजरा पात्राबाहेर गेल्या. जायकवाडीचे दरवाजे उघडल्यावर गोदाकाठच्या गेवराई, माजलगाव, परळी तालुक्यांतल्या गावांचा जीव टांगणीला लागला. मग ऑक्टोबरच्या सुरुवातीला अरबी समुद्रात ‘शक्ती’ नावाचं वादळ तयार झालं आणि महाराष्ट्रभर त्याच्या बातम्या गाजल्या. ते किनाऱ्यापासून दूर पश्चिमेकडे गेलं आणि समुद्रातच विरलं. त्याच सुमारास, ७ ऑक्टोबरला, राज्य सरकारने अतिवृष्टिग्रस्तांसाठी ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. ती रक्कम ज्या नुकसानीपोटी होती, ते नाव मिळालेल्या कोणत्याही वादळाने केलेलं नव्हतं.

हे मराठवाड्याचंच वैशिष्ट्य नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा शहरावर चक्रीवादळ नव्हतं. अमेरिकेत जून २००१ मध्ये ‘ॲलिसन’ने ह्यूस्टन शहर बुडवलं. ताशी ११९ किलोमीटरच्या पुढे वारा गेला की तिकडे ‘हरिकेन’ म्हणतात. ॲलिसन त्या पायरीपर्यंत कधीच पोचलं नाही. तरीही नुकसान इतकं मोठं होतं, की ते नाव यादीतून कायमचं काढून टाकावं लागलं.

आता दुसरा मुद्दा : आधीच बोंब मारली तर बिघडलं काय? बिघडतं. मे २०२५ मध्ये ‘शक्ती’ येणार म्हणून आधीच मथळे झळकले होते. नाव देण्याचा अधिकार या समुद्रांसाठी दिल्लीच्या हवामान विभागाकडे आहे आणि त्याने ते दिलेलं नव्हतं. प्रत्यक्षात ती प्रणाली चक्रीवादळाच्या पायरीवर न चढताच २४ मे रोजी रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान किनारा ओलांडून आत आली आणि मराठवाड्याच्या दिशेने विरत गेली. राज्यात मे महिन्यातच धो धो पाऊस झाला. त्या वेळी शेतकऱ्याच्या दृष्टीने लाखमोलाचा प्रश्न वेगळा होता : हा पाऊस पेरणीचा आहे का? मेअखेरीपासून मान्सूनची चाल अडखळली आणि जूनच्या मध्यापर्यंत ती तशीच राहिली. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस आणि पुरेशी ओल झाल्याशिवाय पेरू नका, हा कृषी विभागाचा नेहमीचा सल्ला अशा वेळी घरोघरी पोचायला हवा. वादळाच्या तर्कवितर्कांनी ती जागा अडवली. सोयाबीनचं बियाणं, खत आणि मजुरी यांचा खर्च दुबार करणाऱ्या घराला विचारलं, तर खोट्या आरोळीची किंमत ते रुपयांत सांगेल.

तिसरा मुद्दा हवामान खात्याच्या ‘शक्यता आहे’चा. ही भाषा पळवाट नाही, मोजमाप आहे. खात्याच्या समुद्रविषयक पत्रकात पुढच्या सात दिवसांत प्रणाली तीव्र कमी दाबापर्यंत जाण्याची शक्यता शून्य, कमी, मध्यम की जास्त हे स्पष्ट लिहिलेलं असतं. संगणकाचं एकच गणित दहा दिवस पुढे नेऊन मिळालेला भोवरा हे यातलं काहीच नसतं. म्हणून तर जाणकार केंद्रं सुरुवातीची स्थिती किंचित बदलून तेच गणित पन्नासेक वेळा करतात आणि किती उत्तरं जुळतात ते पाहतात. त्यातला एक भडक नकाशा उचलून ‘वादळ येणारच’ म्हणणारा माणूस ठोस उत्तर देत नाही, उरलेली उत्तरं लपवतो. आणि मोजून-मापून केलेला अंदाज काय करू शकतो, हे ओडिशाने दाखवलं. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ च्या ‘फायलिन’च्या वेळी लाखो लोकांना आधीच हलवल्यामुळे मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला.

एक गोष्ट मान्य करायला हवी. कोकणात ‘चक्रीवादळ होणार का’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगड भागात छपरं उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. तिथे वाऱ्याचा वेग हाच धोका असतो; होडी किनाऱ्यावर ओढायची की नाही, हे त्यावरच ठरतं. बीडमध्ये निर्णय दुसरे आहेत, म्हणून प्रश्नही दुसरे हवेत.

पहिला प्रश्न : माझ्या तालुक्यात किती पाऊस, केव्हा? हवामान खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे ‘जोरदार’, ११५.६ च्या पुढे ‘अति जोरदार’, २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’. जिल्ह्याला दिलेल्या पिवळ्या, केशरी आणि लाल इशाऱ्यांमागे मुख्यतः हेच आकडे असतात. सरकारी मदतीचं गणितही वाऱ्यावर नाही, महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावरच्या ६५ मिलिमीटरवर आणि ३३ टक्के पीकहानीवर उभं आहे.

दुसरा प्रश्न : वर किती पडला? बालाघाटाच्या डोंगररांगेवर पाटोदा तालुक्यात पडलेलं पाणी एकीकडे सिंदफणेतून शिरूर कासारमार्गे माजलगावला जातं, दुसरीकडे मांजरेतून धनेगावला. आपल्या शिवारात ऊन पडलेलं असताना नदीला पूर येऊ शकतो. तिसरा प्रश्न : धरण किती भरलंय आणि विसर्ग कधी वाढणार? सप्टेंबरअखेरीस धरण काठोकाठ असेल, तर मध्यम पाऊसही खालच्या गावांना पुरेसा होतो. तोच पाऊस जूनमध्ये पडला तर वरदान.

चौथा प्रश्न पिकाचा. सोयाबीन उभं ठेवायचं, की कापून बनीम लावून झाकायचं? वेचणीला आलेला कापूस आज घरात आणायचा का? परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी नेमकं हेच सांगतो, तेही जिल्ह्याचा अंदाज समोर ठेवून. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ ॲप दिलेलं आहे. मराठवाड्यात शेतात काम करताना वीज अंगावर पडून माणसं जातात, त्यामुळे ते केवळ शोभेसाठी मोबाइलवर नको.

ही माहिती उपलब्ध आहे, पण ती विखुरलेली आहे. इशारा एका ठिकाणी, धरणाचा साठा दुसरीकडे, पिकाचा सल्ला तिसरीकडे. गावाच्या ग्रुपवर भोवऱ्याचा नकाशा टाकणाऱ्या तरुणाने त्याच पाच मिनिटांत तालुक्याचा इशारा, वरच्या मंडळांतला पाऊस, मांजरा-माजलगाव-जायकवाडीचा विसर्ग आणि परभणीचा सल्ला अशा चार ओळी टाकल्या, तर तो गावाचं मोठं काम करील. स्थानिक वृत्तपत्रांनी पहिल्या पानावर हीच चौकट रोज छापावी. ग्रामपंचायतीने ती फळ्यावर लिहावी आणि नदीकाठच्या वस्तीत दवंडी पिटावी. यातल्या कशालाही समुद्रातल्या भोवऱ्याला नाव मिळेपर्यंत थांबायची गरज नाही.