पार्किंग नसलेल्यांची इलेक्ट्रिक गाडी

ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग या तीन रस्त्यांवर इलेक्ट्रिक मोटारींना आणि बसना टोल माफ झाला. सरकारच्या नव्या ईव्ही धोरणातली ही सर्वात गाजलेली घोषणा. आता एवढेच आठवून पाहा, की या तिन्ही रस्त्यांवर दुचाकीला आणि रिक्षाला प्रवेशच नाही. मालवाहू इलेक्ट्रिक गाड्यांनाही या माफीतून वगळले आहे. म्हणजे जो माणूस इलेक्ट्रिक गाडीवर पोट भरतो, तो या सवलतीच्या वाटेलाही जाऊ शकत नाही.

धोरण वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या या धोरणासाठी पाच वर्षांत १,९९३ कोटी रुपयांची तरतूद आहे. दुचाकी आणि तीनचाकीच्या खरेदीवरही त्यात सवलत आहे. राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरवर चार्जिंगची सोय करायचे उद्दिष्ट आहे. प्रश्न इतकाच, की चार्जिंगचा विचार करताना आखणी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोण असतो? त्यांच्यासमोर असतो तो हायवेने जाणारा मोटारमालक, नाहीतर सोसायटीत स्वतःच्या नावाची पार्किंगची जागा असलेला फ्लॅटवाला. केंद्राने २०१९ मध्ये आदर्श इमारत नियमांत बदल करून नव्या इमारतींतल्या पार्किंगच्या २० टक्के क्षमतेला चार्जिंगची सोय असावी असे सुचवले. चांगलेच केले. पण मुंब्र्यातल्या, भिवंडीतल्या, गोवंडीतल्या किती इमारतींना मुळात पार्किंग आहे? शून्याचे २० टक्के शून्यच होतात.

आणि तरीही इलेक्ट्रिक गाडीची खरी गरज याच वस्त्यांना आहे. साधा हिशेब मांडू. डिलिव्हरी करणारा मुलगा दिवसाला शंभर किलोमीटर गाडी चालवतो असे धरा. पेट्रोलच्या स्कूटरला दोन लिटरच्या वर पेट्रोल लागते, मुंबईच्या दराने दोनशे रुपयांच्या पुढे. इलेक्ट्रिक स्कूटरला तेवढ्याच अंतरासाठी साधारण साडेतीन युनिट वीज लागते. युनिटला दहा रुपये धरले तरी ३५ रुपये. महिन्याचे पंचवीस दिवस काम केले तर चार हजारांच्या वर फरक पडतो. ज्याची महिन्याची कमाईच वीस-बावीस हजार आहे, त्याच्यासाठी ही रक्कम म्हणजे मुलाची फी किंवा खोलीच्या भाड्याचा मोठा हिस्सा. मोटारमालकासाठी इलेक्ट्रिक गाडी ही आवडीची निवड असेल, इथे ती रोजीची बाब आहे. त्यात राज्याने बाइक टॅक्सीला परवानगी देताना फक्त इलेक्ट्रिक बाइकच चालतील असे ठरवले आहे. म्हणजे या धंद्यात उतरू पाहणाऱ्या तरुणाला पर्यायच नाही.

मग तो गाडी चार्ज कुठे करतो? तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर. शेजारच्या किराणा दुकानाच्या प्लगवर, दुकानदार सांगेल त्या भावाने. कधी कधी थेट आकडा टाकलेल्या वायरवर. हे तुम्हीही पाहिले असेल. यातली वीजचोरी तर हराम आहेच, पण धोकाही कमी नाही. स्कूटरचा छोटा चार्जर तासन्‌तास सलग वीज ओढतो. घरातली जुनी, बारीक तार त्यासाठी बनलेली नसते. सांधा सैल असला तर तो तापतो आणि वितळतो. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात स्कूटरना आगी लागल्यावर बॅटरीचे सुरक्षा नियम कडक झाले आणि २०२३ पासून ते पूर्णपणे लागू झाले. पण नियम बॅटरीला लागू होतात, आपल्या जिन्याखालच्या मीटर बॉक्सला नाही. ज्या गल्लीत अग्निशमन दलाची गाडी वळत नाही, तिथे जिन्यात रात्रभर चार्जिंगला लावलेली स्कूटर ही सगळ्या इमारतीची जोखीम आहे.

ई-रिक्षाची गोष्ट आणखी वेगळी. नागपुरात त्या वर्षानुवर्षे धावताहेत. यातल्या बऱ्याच रिक्षांत अजूनही शिशाच्या चार बॅटऱ्या असतात, इन्व्हर्टरला असतात तशा. त्या चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून जागा हवेशीर लागते. वर्ष-दीड वर्षात त्या संपतात, मग भंगारात जातात आणि कुठेतरी उघड्यावर फोडून शिसे वितळवले जाते. शिशाचा सर्वात जास्त त्रास लहान मुलांच्या मेंदूला होतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. भंगाराचा धंदा करणारे आपल्यात पुष्कळ आहेत. हा नियम त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचवला?

आता मुद्द्यावर येतो. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केले, की गाडी चार्ज करून देणे म्हणजे वीज विकणे नव्हे, ती एक सेवा आहे. म्हणून त्यासाठी वीज कायद्याखाली परवाना लागत नाही. ठरलेली सुरक्षा मानके पाळून कोणीही चार्जिंग स्टेशन काढू शकतो. पेट्रोल पंप काढायला कोट्यवधी रुपये आणि तेल कंपनी लागते. दहा स्कूटर एका वेळी चार्ज करायला मात्र दहा-बारा किलोवॅटचा मंजूर भार, नीट वायरिंग, अर्थिंग, योग्य क्षमतेचे ब्रेकर, छप्पर आणि एक राखणदार पुरतो. जलद चार्जिंगचे महागडे यंत्र इथे लागतच नाही. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर चार-पाच तासांत स्कूटर भरते.

जागा कुठून आणायची? आपल्या मोहल्ल्यांत मोकळी जागा असते ती शाळेच्या ट्रस्टकडे, अंजुमनकडे, जमातखान्याकडे, काही ठिकाणी मस्जिदीच्या आवारात. मदिनेत पाण्याची टंचाई असताना हजरत उस्मान (रजि.) यांनी बिर-ए-रूमा ही विहीर मालकाकडून विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, हा प्रसंग आपण जुम्याच्या खुतब्यात अनेकदा ऐकतो आणि सबीलच्या पाण्यापाशी येऊन थांबतो. विहीर ही त्या काळातली पायाभूत सुविधाच होती, आणि पाण्याचा भाव ठरवायचे काम एका माणसाच्या हातात होते. आज आपल्या गल्लीत प्लगचा भाव किराणा दुकानदार ठरवतो.

पण इथे एक पथ्य पाळायलाच हवे. मस्जिदीच्या किंवा शाळेच्या चालू मीटरवरून चार्जिंगचे पैसे घेणे बरोबर नाही. त्या जोडण्यांची दरश्रेणी वेगळी असते, तिथून व्यवसाय केला तर दंड होऊ शकतो. चार्जिंगसाठी राज्याच्या वीज नियामक आयोगाने स्वतंत्र दरश्रेणी ठरवली आहे. तीच जोडणी वेगळ्या मीटरवर घ्यावी. भिवंडी आणि मुंब्र्यात वीज वितरण टोरंटकडे आहे, तेव्हा अर्ज त्यांच्याकडे. जागा वक्फची असेल तर बोर्डाची परवानगी आधी. आणि हिशेब दर महिन्याला फलकावर. फुकट देऊ नका, असेही माझे ठाम मत आहे. फुकटची सोय सहा महिन्यांत बंद पडते. युनिटमागे दोन-तीन रुपये वर घेतले तर राखणदाराचा पगार आणि दुरुस्ती निघते.

एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. केंद्राच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत चार्जिंग स्टेशनची वीज सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर तासांत स्वस्त आणि बाकीच्या वेळी महाग ठेवावी असे म्हटले आहे: सरासरी पुरवठा खर्चाच्या अनुक्रमे ०.७ पट आणि १.३ पट. दिवसा सूर्याची वीज जास्त असते, म्हणून तर्क योग्यच. पण दिवसा जो गाडी चालवतो, तो रात्रीच चार्ज करणार. ज्याची गाडी दिवसभर ऑफिसखाली उभी असते, त्याला मात्र स्वस्त वीज. यावर उपाय म्हणजे बॅटरी बदलून देणारी केंद्रे, जिथे दिवसा भरून ठेवलेली बॅटरी दोन मिनिटांत मिळते. दुसरा उपाय म्हणजे दुपारच्या दोन-तीन तासांच्या विश्रांतीत चार्जिंग. जोहरची नमाज, जेवण, थोडी पाठ टेकणे आणि तेवढ्यात अर्धी बॅटरी. त्यासाठी जागा कामाच्या ठिकाणाजवळ हवी, रेस्टॉरंटच्या गर्दीजवळ, बाजाराजवळ.

माझ्या क्षेत्रातला एक मुद्दा सांगतो. आज प्रत्येक चार्जिंग कंपनीचे ॲप वेगळे, प्रत्येकाच्या पाकिटात शंभर-दोनशे रुपये अडकलेले आणि सूचना बहुतेक इंग्रजीत. चार्जर आणि सर्व्हर यांच्यातल्या संवादासाठी ओसीपीपी नावाचे खुले मानक आहे. ते पाळणारा चार्जर घेतला तर उद्या कंपनी बदलता येते. त्यावर मराठी-उर्दूत, साध्या यूपीआयवर चालणारी बिल प्रणाली लिहिणे दोन-तीन तरुण अभियंत्यांच्या आवाक्यातले काम आहे. ॲप नकोच असेल तर प्रत्येक सॉकेटला एक सबमीटर आणि एक वहीसुद्धा चालते.

राहिला गॅरेजवाल्यांचा प्रश्न. जुलै २०२५ मध्ये बीकेसीत टेस्लाचे शोरूम उघडले, त्याचे व्हिडिओ आपण सर्वांनी पाहिले. तिथून जवळच कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुट्या भागांची आणि गॅरेजची रांग आहे. इलेक्ट्रिक गाडीत क्लच नाही, सायलेन्सर नाही, इंजिन ऑइल नाही. आहे ती बॅटरी, कंट्रोलर आणि सॉफ्टवेअर, आणि कंपनी ते सॉफ्टवेअर बाहेरच्या मेकॅनिकला उघडू देत नाही. केंद्राने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, त्यात वाहनेही आहेत, पण पोर्टलने गॅरेजवाल्याच्या हातात निदानाचे साधन येत नाही. ती मागणी संघटितपणे करावी लागेल. दरम्यान आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक वाहन मेकॅनिकचा ट्रेड आहे, आणि औरंगाबादजवळ बिडकीनला एथरने दोन हजार कोटींचा स्कूटर कारखाना जाहीर केला आहे. दहावीनंतर काय, असे विचारणाऱ्या मुलाला हे दोन्ही सांगा. ज्याचे वय चाळीस आहे आणि हाताला तीस वर्षांचा अनुभव आहे, त्याच्यासाठी मात्र दोन वर्षांचा अभ्यासक्रम उपयोगाचा नाही. त्याला संध्याकाळचे सहा आठवड्यांचे वर्ग हवेत: मल्टिमीटर, बॅटरीची तपासणी, कनेक्टर, आणि मोटारींमधल्या तीनशे-चारशे व्होल्टला हात कधी लावायचा नाही हे. असे वर्ग एखाद्या तंत्रनिकेतनाच्या रिकाम्या प्रयोगशाळेत भरू शकतात. आपल्या संस्थांच्या अनेक तंत्रनिकेतनांत संध्याकाळी पाचनंतर कुलूपच असते.