जहाजावरील ताट आणि सूर्यास्त

देऊळगाव राजाचे एखादे कुटुंब जालन्याहून रेल्वेने मुंबई गाठते आणि गोव्याकडे जाणाऱ्या प्रवासी जहाजावर चढते, तेव्हा भोजनाचा बेत आधीच ठरलेला असावा. मुख्य भोजनगृहाचे मूल्य बहुधा तिकिटातच असते. खास पदार्थांच्या उपाहारगृहासाठी मात्र वेगळे पैसे आणि आगाऊ नोंदणी लागते. त्याची मुख्य वेळ रात्रीची, म्हणजे चौविहार पाळणाऱ्या आजींसाठी ते दार बंदच. नातवंडे रात्री तेथे आणि आजी सायंकाळी एकट्या, असे घडले तर एकाच जहाजावर दोन प्रवास होतात.

यावर उपाय दुपारचा. जहाज दिवसभर समुद्रात असेल त्या दिवशी अशी काही उपाहारगृहे दुपारीही उघडी असतात. ती वेळ तिकीट काढतानाच विचारावी. तेथे जैन भोजन मिळेल का, हेही स्वतंत्रपणे विचारावे. कारण कांदा-लसणाचे रस्से आधीच सिद्ध केलेले असतात, ताटात आल्यावर त्यातून काही वगळता येत नाही.

सूर्यास्त मात्र गावच्या पंचांगावरून धरू नये. मुंबई देऊळगाव राजाच्या पश्चिमेस सुमारे ३ अंश असल्याने तेथे सूर्य साधारण १२-१३ मिनिटे उशिरा मावळतो. परदेशी बंदरांच्या सफरीत जहाजाचे घड्याळही बदलू शकते. त्या दिवसाची स्थानिक वेळ पाहूनच ताट मांडावे. नियम अभंग राहतो आणि पंगतही.