जास्वंदीचं पान उलटून बघा

गणपतीच्या आधी महिनाभर जास्वंदीला मरणाची मागणी असते. लाल हवी, पाच पाकळ्यांची हवी, कळ्या लागलेली हवी. पान उलटून मात्र कुणी बघत नाही. उरुळी कांचनच्या अलीकडे, सोलापूर रस्त्याला आमची रोपवाटिका आहे, त्यामुळे हे मी दरवर्षी बघते.

उलटलं तर काय दिसेल? शेंडा आकसलाय आणि बेचक्यात पांढरं, चिकट काही आहे, तर तो पिठ्या ढेकूण. शेंडा खुडा, साबणाचं पाणी मारा, झाड सावरतं. पण पांढरं काहीच नाही, कडा वळल्यात, उजेडात धरलं की शिरा जाड आणि गर्द दिसतात आणि पानाच्या पाठीवर, शिरेतूनच, नखाएवढं दुसरं पान फुटलंय, तर तो बहुधा विषाणू. त्यावर औषध नाही. कुणी बाटली गळ्यात मारलीच तर त्यानं फार तर पांढरी माशी मरेल, झाडातला रोग जागच्या जागी राहील.

या रोगामागे सापडलेल्या विषाणूंपैकी एकाचं नाव आहे कॉटन लीफ कर्ल मुलतान व्हायरस. मुलतान आणि कापूस दोन्ही नावातच आहेत, जास्वंद नाही. एकेरी धाग्याच्या डीएनएचं गोल कडं, साधारण पावणेतीन हजार अक्षरांचं. त्याच्या संगतीला निम्म्या लांबीचं आणखी एक, त्याला उपग्रह म्हणतात. कापसाचं पान मुरडण्याची खरी खोडी या धाकट्याची, तो नसेल तर थोरल्याच्या हातून फारसं काही होत नाही. झाडावरून झाडावर नेते पांढरी माशी. कात्रीनं तो सहसा जात नाही. फाट्यातून मात्र जातो, आणि जास्वंद तर आम्ही फाट्यांनीच वाढवतो. मातृरोप आजारी असेल तर त्याच्या फाट्यांनी भरलेल्या पिशव्या पुण्या-मुंबईच्या बाल्कन्यांत आजार घेऊनच पोचणार.

बाल्कनीत पोचला तर बिघडलं काय, असं विचारणारे आमच्याच धंद्यात आहेत. त्यांनी चीनकडे बघावं. तिथे हा विषाणू 2006 साली ग्वांगझूमध्ये सापडला, तो कापसावर नव्हे, शोभेच्या जास्वंदीवर. पुढे भेंडी, अंबाडी, मिरची जास्वंद आणि कापूसही त्याला बळी पडले. सगळी एकाच कुळातली भावंडं! आपल्याकडे श्रीगंगानगरच्या कापसावर हा रोग 1993 मध्ये दिसला, मग पंजाब-हरियाणानं त्याचे चटके सोसले. दक्षिण भारतातल्या जास्वंदीवर हा विषाणू आढळलेला आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या कापसाला त्यानं उत्तरेसारखं अजून छळलेलं नाही, एवढंच. याच कुळातल्या भेंडीचा हळद्या रोग म्हणजे त्याचा भाऊबंद. त्याची नोंद मुंबई इलाख्यात 1924 साली झाली, आणि भेंडी लावणाऱ्याला तो अजून सुखानं झोपू देत नाही.

तरीही आपला कायदा काय बघतो? महाराष्ट्रात फळरोपवाटिकांचा कायदा 1969 पासून आहे. आंब्याचं कलम विकायला परवाना लागतो. जास्वंद त्या कायद्यात बसत नाही, कारण ती शोभेची. आंध्रातल्या कडियमहून ट्रक भरून रोपं येतात, आमच्याकडे उतरतात आणि दुसऱ्या दिवशी आमचीच म्हणून पुढे जातात. मी स्वतः एका मोठ्या व्यापाऱ्याकडून आलेला लॉट पानं बघून परत पाठवला. तो हसला आणि म्हणाला, ‘ताई, फूल बघा ना.’ तो लॉट पुढे कुठे उतरला हे मला विचारू नका.

परवान्याचं नाव काढलं की छोटे रोपवाटिकावाले घाबरतात, आणि त्यांचं चुकतही नाही; कागद वाढला की चिरीमिरी वाढते. म्हणून सगळ्या रोपांची तपासणी मी मागत नाही. तपासायची ती फक्त मातृरोपं. ती 40 मेशच्या जाळीखाली ठेवायची (हिरव्या शेडनेटमधून पांढरी माशी आरामात ये-जा करते, ती सावलीला असते, माशीला नाही) आणि वर्षातून एकदा पानांचे नमुने कृषी विद्यापीठात जायला हवेत. तपासणीचा खर्च पहिली काही वर्षं सरकारनं उचलावा. सदोष निघालेलं मातृरोप मालकानं उपटून जाळावं, आणि त्याच्या फाट्यांची जी रोपं अजून विकली गेलेली नाहीत, तीही.